स्टफिंगचं खोकं आणि अर्ध्या कपाचा हिशेब

नोव्हेंबर अर्धा सरला की अमेरिकेतल्या किराणा दुकानांत स्टफिंगच्या खोक्यांची थप्पी थेट दारापाशी येऊन बसते. स्टफिंग म्हणजे मसाला घालून ओलसर केलेले पावाचे तुकडे, मुळात टर्की या पक्ष्याच्या पोटात भरून भाजायचे. शेजारी क्रॅनबेरीचे डबे, तळलेल्या कांद्याचे डबे, भोपळ्याच्या पायचं सामान, आणि मधोमध सहा औंसांची, म्हणजे 170 ग्रॅमची ही हलकी खोकी. उकळतं पाणी, बटर, पाच मिनिटं झाकण, की थँक्सगिव्हिंग या सणाच्या ताटातला एक पदार्थ तयार. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ज्या घरातला एकुलता एक ओव्हन सकाळपासून टर्कीने अडवलेला असतो, तिथे गॅसवर होणाऱ्या या पदार्थाचा मोठाच आधार असतो. त्यामुळे त्याच्याकडे बघून नाक मुरडायचं कारण नाही. पण त्याच टेबलाभोवती बीपीची गोळी घेणारे असतात, इन्सुलिन घेणारे असतात, किडनीचं पथ्य सांभाळणारे असतात. मराठी घर असेल तर सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबाही असतात, आणि त्यांच्या पिशवीत या तिन्हीपैकी एखादी तरी औषधाची पट्टी असतेच. या मंडळींना वाढण्याआधी खोक्यात काय आहे आणि आपण वरून काय घालतो, हे नीट माहीत असायला हवं.

हे खोकं 1972 साली बाजारात आलं, जनरल फूड्स कंपनीच्या ‘स्टोव्ह टॉप’ या नावाने. त्याच्या पेटंटवर, जे 1975 मध्ये मिळालं, रूथ सीम्स या गृहविज्ञानतज्ज्ञ बाईंचं आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं नाव आहे. खरी करामत मसाल्यापेक्षा पावाच्या तुकड्याच्या आकारात होती. तुकडा फार बारीक असला तर गरम पाण्यात त्याचा लगदा होतो. फार मोठा असला तर बाहेरून भिजतो आणि आत खडा राहतो. सीम्सबाईंनी मधलं माप नेमकं पकडलं, म्हणून पाच मिनिटांत सगळे तुकडे सारखे फुगतात आणि तरीही सुटे राहतात.

पोषणाचा प्रश्नही याच तुकड्यापासून सुरू होतो. तो मैद्याच्या पावाचा असतो, सच्छिद्र असतो आणि चवीला जवळजवळ काहीच नसतो. घरच्या स्टफिंगला चव येते ती बटरमध्ये सावकाश परतलेल्या कांदा-सेलरीतून, सेज-थाइमच्या ताज्या सुगंधी पाल्यातून आणि टर्कीच्या रसातून. खोक्याजवळ यातलं काही नाही. त्याला पाच मिनिटांत, कोरड्या भुकटीतून, गरम पाण्याच्या जोरावर चव उभी करायची असते. ती मग मिठातून, वाळवलेल्या कांद्यातून, सोयाच्या विघटित प्रथिनांतून, मोनोसोडियम ग्लुटामेटमधून (अजिनोमोटो) आणि चिकनच्या भुकटीतून येते. मीठ एवढं का असतं याचं उत्तर इथे आहे. चव आणणारी बाकीची सगळी मंडळी बाहेर राहिल्यावर मिठावरच सगळा भार पडतो.

आता खोकं हातात घेऊन उलटं करा. पोषणाच्या चौकटीत बहुधा दोन रकाने दिसतात, एक कोरड्या मिश्रणाचा आणि दुसरा शिजवून तयार झालेल्या पदार्थाचा. डोळा पहिल्या रकान्यावर जातो आणि तिथेच थांबतो. तिथले आकडे बरे दिसतात: खोक्याचा सहावा भाग म्हणजे 28 ग्रॅम, त्यात साधारण 110 कॅलरी, 20 ते 21 ग्रॅम कर्बोदकं, जेमतेम ग्रॅमभर तंतू, 3-4 ग्रॅम प्रथिनं, ग्रॅमभर चरबी. सोडियम ब्रँडप्रमाणे कमीजास्त होतं, पण नेहमीच्या चिकन चवीच्या खोक्यात 400 मिलिग्रॅमच्या आसपास धरून चला. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचं वजन निघतं, म्हणजे 400 मिलिग्रॅम सोडियम हे एक ग्रॅम मीठ झालं. अख्ख्या खोक्यात सहा ग्रॅम, सपाट एक चहाचा चमचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते.

दुसरा रकाना घरच्या बटरचा. खोक्यावरची नेहमीची कृती दीड कप पाणी आणि चार टेबलस्पून बटर सांगते. चार टेबलस्पून म्हणजे 57 ग्रॅम, सुमारे 400 कॅलरी, आणि 28-29 ग्रॅम संपृक्त चरबी. सहा वाट्यांत विभागली तरी प्रत्येकी जवळजवळ पाच ग्रॅम होते, अमेरिकी लेबलच्या 20 ग्रॅमच्या दैनंदिन मर्यादेचा पाव हिस्सा. बटर खारवलेलं असेल तर वाढणीमागे आणखी साठेक मिलिग्रॅम सोडियम. ही भर कंपनीने घातलेली नाही, ती आपल्या हाताने पडते. म्हणूनच ती आपल्या हाताने कमीही करता येते.

आणि मग तो अर्धा कप. लेबलवरचा प्रत्येक आकडा त्या 28 ग्रॅम मिश्रणातून होणाऱ्या शिजलेल्या अर्ध्या कपाचा आहे, म्हणजे वाढायच्या मोठ्या चमच्याने एकदाच, तोही न दाबता. थँक्सगिव्हिंगला एवढ्यावर थांबणारं माणूस क्वचितच सापडेल. पदार्थ मऊ असतो, चावावा लागत नाही, ताटात दबून बसतो. एक कप सहज जातो, आणि एका कपात सोडियम 900 च्या घरात पोचतं.

शाकाहारी पाहुण्यांचा हिशेब तर वेगळाच आहे. टर्की, हॅम आणि ग्रेव्ही बाजूला ठेवली की त्यांच्या ताटात उरतं काय? कुस्करलेले बटाटे, रताळी, पाव आणि स्टफिंग. इतरांसाठी जो तोंडीलावण्याचा पदार्थ आहे तेच त्यांचं मुख्य जेवण होतं. त्यामुळे मिठाचा आणि मैद्याचा सर्वांत मोठा वाटा नकळत त्यांच्याकडे जातो, आणि प्रथिनं मात्र नावाला. शाकाहारी माणसं जेवायला असतील तर राजमा, चवळी, पनीर असं काहीतरी ताटात पाहिजेच. स्टफिंगच्या भरवशावर त्यांना बसवू नये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोक्यावर पुढे काय लिहिलंय यावर विसंबू नका. ‘हर्ब्ज’ किंवा ‘कॉर्नब्रेड’ असं नाव असलेल्या खोक्यातही चिकनचा रस्सा, चिकनची चरबी किंवा शिजवलेल्या चिकनची भुकटी असू शकते. ती घटकांच्या यादीत शेवटच्या ‘दोन टक्क्यांपेक्षा कमी’ या कंसात बारीक अक्षरात बसलेली असते. डायसोडियम इनोसिनेट हा चववर्धक मांस-मासळीपासूनही बनतो आणि आंबवण्याच्या प्रक्रियेनेही. लेबलवरून ते कळत नाही. काटेकोर शाकाहारी माणसाला ‘व्हीगन’ असा स्पष्ट शिक्का असलेलं खोकंच द्यावं. जैन पाहुण्यांसाठी कुठलंच तयार खोकं चालत नाही असं समजा, कांद्याशिवाय ते बनतच नाही. पाहुणे जास्त असतील तर घटकांची यादी असलेली खोक्याची बाजू कात्रीने कापून भांड्याशेजारी ठेवावी. ज्याला जे वाचायचं ते तो वाचतो, यजमानाला दहा जणांना तेच तेच सांगावं लागत नाही.

ॲलर्जीवाल्यांनाही याचा उपयोग होतो. गहू आणि सोया जवळजवळ सगळ्याच खोक्यांत असतात, दूध पुष्कळ खोक्यांत. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तीळही लेबलवर नाव घेऊन लिहावे लागतात, आणि पावाच्या पदार्थांत तीळ पुष्कळदा निघतात. सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असलेल्या माणसासाठी ग्लुटेनमुक्त खोकी मिळतात, पण खरा घोटाळा खोक्याबाहेर होतो. साधं स्टफिंग टर्कीच्या पोटात भरून भाजलं की ती आख्खी टर्की आणि तिच्या रसाची ग्रेव्ही त्या माणसाला वर्ज्य होते. ग्लुटेनमुक्त स्टफिंगमध्ये दुसऱ्या भांड्यातला चमचा बुडाला तरी काम बिघडतं. त्या भांड्याला वेगळा चमचा द्यावा आणि त्या व्यक्तीला सगळ्यांच्या आधी वाढावं.

लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते ती यादीच्या शेवटच्या लांबलचक नावांची, आणि माझ्या मते ती भीती चुकीच्या जागी खर्च होते. मोनोसोडियम ग्लुटामेट घ्या. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन त्याला सुरक्षित मानतं. त्यात सोडियम साधारण 12 टक्के, तर साध्या मिठात 39 टक्के. म्हणजे तेवढीच चव मीठ कमी करून आणायची असेल तर ते उपयोगीच पडतं. गोडव्यासाठी काही ब्रँड मक्याचं फ्रुक्टोज सिरप घालतात, पण वाढणीमागे एकूण साखर दोनेक ग्रॅम, अर्धा चहाचा चमचा. शेजारच्या क्रॅनबेरी सॉसमध्ये त्याच्या कितीतरी पट असते. बीएचए आणि बीएचटी ही तेल खवट होऊ नये म्हणून घातलेली रसायनं. यातल्या बीएचएबद्दल शंका आहे, हे खरं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने 1991 मध्येच त्याची नोंद ‘माणसात कर्करोग होण्याची वाजवी शक्यता’ या वर्गात केली. तो पुरावा प्राण्यांवरच्या प्रयोगांतला होता, मुख्यतः उंदरांच्या जठराच्या ज्या भागात गाठी आल्या तो भाग माणसाला नसतोच, आणि खाद्यपदार्थांत त्याला मर्यादेत परवानगी आहे. ज्यांना ते नको त्यांनी बीएचए नसलेला ब्रँड घ्यावा, तसे मिळतात. पण वर्षातून एकदोनदा खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थात या रसायनापेक्षा त्याच संध्याकाळी वाढणारं रक्तदाबाचं माप जास्त खरं आहे. जुन्या खोक्यांतल्या अंशतः हायड्रोजनेटेड तेलाचं प्रकरण वेगळं होतं. ते खरोखर घातक होतं, आणि 2015 च्या निर्णयानंतर 2018 पासून ते अमेरिकी खाद्यपदार्थांतून काढायला लावलं गेलं.

एक गोष्ट खोक्याच्या बाजूनेही सांगायला हवी. अमेरिकेत 1998 पासून ‘एनरिच्ड’, म्हणजे जीवनसत्त्वं मिसळलेल्या, मैद्यात फॉलिक ॲसिड घालणं बंधनकारक आहे, आणि गर्भातल्या बाळाच्या मणक्याचे दोष टाळण्यासाठी त्याचा मोठा उपयोग झाला आहे. या पावातही ते असतं.

मधुमेह असलेल्यांनी स्टफिंगकडे पावाचाच दुसरा अवतार म्हणून बघावं. एक कप म्हणजे 40 ग्रॅमच्या वर कर्बोदकं, आणि तंतू दोनेक ग्रॅमच. त्याच ताटात बटाटे, मार्शमॅलो घातलेली रताळी आणि वर एक डिनर रोल आला की इन्सुलिनचा अंदाज चुकतो. वेळही चुकते. भरपूर बटर पोटात असलं की पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, साखर उशिरा चढते. दोन तासांनी मोजलेली साखर बरी निघाली म्हणून निर्धास्त होऊ नये, चार तासांनी पुन्हा बघावी. पाव, बटाटा आणि स्टफिंग यांतला एकच निवडून मनसोक्त खाल्लेला बरा.

आता मीठ. टेबलावरचे पदार्थ एकेकटे बिचारे दिसतात, मिळून मात्र भारी पडतात. तयार ग्रेव्ही पाव कपाला 300 मिलिग्रॅमच्या आसपास, हॅम त्याहून कितीतरी खारट, फरसबीच्या कॅसरोलमध्ये डब्यातलं मश्रूम सूप, आणि दुकानातली बरीचशी टर्की आधीच मिठाच्या पाण्याने टोचलेली. टर्कीच्या वेष्टनावर अमुक टक्के द्रावण असल्याचं लिहिलेलं असतं, ते वाचावं. या सगळ्यात एक चूक फार जणांच्या हातून होते: चव वाढावी म्हणून खोक्यातल्या मिश्रणाला पाण्याऐवजी डब्यातला चिकन किंवा भाज्यांचा ब्रॉथ, म्हणजे पातळ रस्सा, घालणं. साध्या ब्रॉथच्या कपात 800 ते 900 मिलिग्रॅम सोडियम असतं. दीड कप ओतला की प्रत्येक वाढणीत आणखी 200 ची भर, म्हणजे खोक्यातलं मीठ दीडपट. ब्रॉथच घालायचा असेल तर ‘अनसॉल्टेड’ लिहिलेला घ्यावा. ‘रिड्यूस्ड सोडियम’चा अर्थ नेहमीपेक्षा किमान 25 टक्के कमी एवढाच आहे. ‘लो सोडियम’ला मात्र वाढणीमागे 140 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे.

कमी सोडियमचा पर्याय उचलताना यादीत पोटॅशियम क्लोराइड आहे का ते बघावं. निरोगी माणसाला त्याने बाधा होत नाही. पण किडनी कमकुवत असलेल्यांना, किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या औषधांतलं काही घेणाऱ्यांना रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांचा त्रास होऊ शकतो. त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. मीठ कमी करायला निघालेली काळजीवाहू मुलंच हे खोकं घरी आणतात, म्हणून एवढं बजावून सांगितलं.

खोकं अर्धंच करायचं, म्हणजे मीठही अर्धं, असं वाटतं. तसं होत नाही. मसाला तुकड्यांत मिसळलेलाच असतो आणि वाहतुकीत खाली बसतो. वरचं अर्धं ओतलं तर बेचव, उरलेलं अर्धं खारट जाळ. पिशवी न फोडता नीट हलवावी, मग वजनकाट्यावर 85 ग्रॅम घ्यावं.

मीठ खाली आणण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे भाज्यांनी आकार वाढवणं. एका खोक्याचं तीन कप स्टफिंग होतं. त्यात तीन कप परतलेली भाजी घातली की सहा कपांच्या जवळ जातं आणि अर्ध्या कपातलं सोडियम निम्म्यावर येतं. कच्ची भाजी साधारण दुप्पट घ्यावी, आळून ती तेवढी होते: बारीक चिरलेली सेलरी दोन कप, कांदा एक मोठा, गाजर एक कप, मश्रूम 225 ग्रॅम. रुंद पातेल्यात दोन टेबलस्पून तेलावर आधी मश्रूम मोठ्या आचेवर परतावेत, त्यांचं सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत. मग बाकीची भाजी घालून कांदा पारदर्शक होईपर्यंत, दहाएक मिनिटं. मीठ अजिबात नाही. मिरपूड, सेज आणि थाइम सढळ हाताने, वाळकं असेल तर एकेक चहाचा चमचा. भाजी काढून ठेवावी, त्याच पातेल्यात पाणी उकळावं, पण दीड कप नाही, सव्वा कप. बटर एक टेबलस्पून पुरतं. मिश्रण घालून एकदाच खालवर करावं, झाकण ठेवून गॅस बंद. पाच मिनिटांनी काट्याने मोकळं करावं आणि मग भाजी मिसळावी.

हा क्रम पाळावा, त्याला कारण आहे. बटर तुकड्यांवर पातळ थर धरतं, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. बटर कमी केलं आणि पाणी तेवढंच ठेवलं तर गोळा होतो. भाजी आधीच घातली तर तिचं पाणी तुकडे पितात आणि खिरीसारखं होतं. चमच्याने घोटलं तर फुगलेला तुकडा फुटतो, आतला स्टार्च बाहेर येतो आणि खळ तयार होते. ती परत सुटी होत नाही. म्हणून काटाच वापरायचा.

वेळ असेल तर पाव घरीच वाळवावा. 450 ग्रॅमचा पूर्ण गव्हाचा पाव दीड सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापून 120 अंश सेल्सिअसवर तासभर, मधून मधून हलवत, कुरकुरीत होईपर्यंत. नुसता शिळा पाव चालत नाही, शिळा होताना तो कडक होतो पण आतला ओलावा बराचसा राहतो, आणि वाळवलेल्या तुकड्याइतका ब्रॉथ तो पीत नाही. त्यावर वरचीच भाजी, बिनमिठाचा ब्रॉथ दोन ते अडीच कप, आणि 175 अंशांवर झाकून अर्धा तास, उघडं वीस मिनिटं. वरून मीठ न घालताही यात सोडियम असतंच, कारण पावाच्या एका चकतीत सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम असतं. तरी दहा जणांत वाटलं की वाढणीमागे 200 ते 250 वर थांबतं, आणि तंतू तिप्पट.

खोक्याचं स्टफिंग गॅसवर करण्यात एक फायदा आहे, तो टर्कीत भरून घालवू नये. कच्च्या पक्ष्याचा रस स्टफिंगमध्ये झिरपतो, आणि मांडीचं मांस शिजलं तरी पोटातल्या स्टफिंगचा मध्य बराच मागे राहतो. साल्मोनेलाला तेवढं पुरतं. भरायचंच असेल तर ओलसर मिश्रण, सैल हाताने, टर्कीच्या दर पाउंडाला पाऊण कप, ओव्हनमध्ये घालण्याच्या अगदी आधी. आणि थर्मामीटर स्टफिंगच्या मध्यात खुपसून 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस, दिसेपर्यंत बाहेर काढायचं नाही.

गप्पा रंगल्या की भांडं टेबलावरच राहतं. वाढायला घेतल्यापासून दोन तासांच्या आत उरलेलं उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये जायला हवं. खोल पातेल्यात मध्य तासन्‌तास कोमट राहतो, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जंतू नेमका त्या कोमट मध्यात वाढतो. तीन-चार दिवसांत संपवावं. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून, झाकून, पुन्हा 74 अंशांपर्यंत. उरलेलं कुत्र्याला घालू नये, त्यातला कांदा त्याच्या रक्तपेशी फोडतो.